दुसरा पुकारा साडेसातला

मंगळवार, १३ ऑगस्ट २०१३

घर घेतलं. नोटरीकडे सकाळी दहाची वेळ मागितल्याबरोबर मिळाली. तेरा तारखेचा मंगळवार. अशा अपशकुनी दिवशी इथे कुणी सही करायला जात नाही. मी अंधश्रद्धाळू नाही. मी लिफ्टची तपासनीस आहे. लिफ्टचा दोर तारीख बघून तुटत नाही.

पत्ता: बाल्कोनेस दे ला साग्रा, जिना दोन, तिसरा मजला, ब. माद्रिदपासून ४१ किलोमीटर. एकूण घरं ४८. विकली गेलेली दोन, त्यातलं एक आजपासून माझं. उरलेली ४६ बँकेची. २००७ च्या भावाच्या तीस टक्क्यांत मिळालं. बाजार आपटला की घ्यायचं आणि चढला की थांबायचं, हे सगळ्यांना कळतं आणि सगळे उलट करतात. मी केलं नाही.

त्रुटी: खिडक्या नाहीत. चारही. भंगारचोरांनी चौकटीसकट नेल्यात. आमच्या जिन्यातल्या आठपैकी सात घरांची हीच गत. ऑगस्टमध्ये त्याची अडचण वाटत नाही. हवा खेळती आहे.

हेतू: दक्षिणेकडची खोली बाबांना. बाबा गेली तीन वर्षं माद्रिदजवळच्या पार्लाला, माझी थोरली बहीण मिला हिच्या बैठकीतल्या सोफ्यावर झोपतात. सोफा १ मीटर ७२. बाबा १ मीटर ७६.

ही जागा मी मुद्दाम निवडली. इथल्या सगळ्या खिडक्या बाबांनीच केल्या होत्या, अॅल्युमिनियमच्या, १९२. मग बिल्डर बुडाला, बिलं अडकली, आधी बाबांचं वर्कशॉप गेलं आणि पाठोपाठ राहतं घर. ज्या इमारतीपायी घर गेलं, तिच्यातच त्यांना घर. मला हे उत्तर सुंदर वाटतं. त्यांनाही वाटेल.

निश्चय: १ ऑक्टोबरपर्यंत बाबा इथे.

गुरुवार, १५ ऑगस्ट

चर्चच्या सणाची सुट्टी. मिलाकडे जेवायला. भाताच्या वेळी बातमी दिली. मिला म्हणाली, एनार, तुला वेड लागलंय का, त्या ओसाडीत कुत्रंही राहत नाही. मी म्हटलं, पुढच्या पाच वर्षांत भाव दुप्पट. मिला म्हणाली, दुप्पट म्हणजे शून्याच्या दुप्पट का?

बाबा पाव कापत होते. कुठला जिना, त्यांनी विचारलं. दोन, म्हटलं. मजला? तिसरा, ब. त्यांनी सुरी पावाशेजारी सरळ ठेवली. म्हणाले, बरं केलंस पोरी. मग कचरा टाकायला गेले ते चाळीस मिनिटांनी आले. कचऱ्याचा डबा साठ मीटरवर आहे. आनंद पचवायला माणसाला वेळ लागतो.

किल्ली दिली. त्यांनी घेतली, हे महत्त्वाचं.

रविवार, १८ ऑगस्ट

खिडक्यांच्या जागा तपासल्या. नोंद करून ठेवते, पुढे उपयोगी पडेल.

चोर असा कसा? एकही स्क्रू उपसलेला नाही. प्रत्येक उलटा फिरवून काढलाय. प्लास्टरचा टवका नाही. जुनं सिलिकॉन ब्लेडने साफ केलंय. भिंतीवर पेन्सिलीने क्रमांक: मजल्याचा आकडा गोलात, मग ब, मग खिडकीचा आकडा. सगळेच फिटर असंच लिहीत असावेत. क्रमांक रंगावर आहेत. म्हणजे ते रंगकामानंतरचे, म्हणजे खिडक्या बसवतानाचे नव्हेत, काढतानाचे. कोणती कुठली ते पुन्हा बसवताना कळावं म्हणून लिहितात तसे. चोराला पुन्हा बसवायच्या कशाला असतील? विसंगत. सोडून दिलं.

एकोणीस फोटो काढले.

रविवार, ८ सप्टेंबर

इमारतीतल्या दुसऱ्या मालकीणबाई भेटल्या. विसेंताबाई, वय बहात्तर, तळमजला अ. त्यांनी २००७ मध्ये नकाशावर बघून पूर्ण भावात घेतलंय. मी कितीला घेतलं ते त्यांनी आधीच काढलं होतं. म्हणाल्या, ये गं, फुकटात घर घेतलेली बाई बघायची होती मला. मग बडीशेपेच्या रोस्किया, गोल गोड बिस्किटं, बांधून दिल्या आणि वर म्हणाल्या, खा, ह्या तरी पूर्ण किमतीच्या आहेत.

त्यांच्या खिडक्या शाबूत आहेत.

मी सांगितलं की माझे वडील इथे राहायला येणार आहेत, त्यांना खिडक्यांचं काम येतं. विसेंताबाई म्हणाल्या, मग तुझ्या खिडक्या त्यांच्याकडूनच का नाही करवून घेत? मी म्हटलं, बाबांना आता काम सांगायचं नाही, विश्रांती द्यायची आहे. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

रविवार, ६ ऑक्टोबर

बाबा आले नाहीत. घर बघायला बोलावल्याचा सलग तिसरा रविवार. मिलाने फोनवर सांगितलं, गुडघे दुखतात म्हणे. हे मी धरायला हवं होतं. तीन मजले, ५४ पायऱ्या, वय एकसष्ट. चूक माझी आहे, म्हणजे ती सुधारता येते.

लिफ्ट आहेच, चार वर्षं बंद. तपासली. दोर उत्तम, ब्रेक उत्तम, दारं कुरकुरतात. खरी अडचण विजेची. इमारत अजून बांधकामाच्या तात्पुरत्या जोडणीवर आहे. लिफ्ट आणि विसेंताबाईंचा ओव्हन एकाच वेळी चालणार नाहीत.

निश्चय: (१) लिफ्ट. (२) रविवारी फोन करून आठवण द्यायची नाही, माणसावर दडपण येतं. (३) शनिवारी द्यायची.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

मालकांची सभा. आवारात, बागेतल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. कायद्याप्रमाणे पहिला पुकारा सातला. निम्मे मालक हजर हवेत. नसले तर दुसरा पुकारा साडेसातला. तेव्हा जेवढे असतील तेवढ्यांवर सभा चालते. ४६ घरं बँकेची आणि बँक येत नाही, तेव्हा सातला काय होणार ते उघड होतं. तरी मी सातला खुर्चीत होते. नियम म्हणजे नियम.

विसेंताबाई त्यांच्या दारात, माझ्यापासून दोन मीटरवर, सपाता घालून अर्धा तास उभ्या होत्या. या, बसा, म्हटलं. म्हणाल्या, पहिल्या पुकाऱ्याला कोण जातं गं? घाईतली माणसं जातात. साडेसातला बरोबर दोन मीटर चालून आल्या.

विषय एक: लिफ्ट सुरू करणे. विसेंताबाई: मी तळमजल्यावर राहते, मला लिफ्ट कशाला? नवऱ्याला वर धाडायला? तो केव्हाच पोचलाय. तडजोड झाली: रविवारी बारा ते दोन ओव्हन, त्या वेळात लिफ्ट बंद. एकमताने मंजूर.

विषय दोन: अध्यक्षपद. ते पाळीने येतं, आणि सहा वर्षं पाळी एकट्या विसेंताबाईंवर येत होती. त्यांनी इतिवृत्ताची वही, शिक्का आणि मीटरच्या खोलीची किल्ली माझ्या मांडीवर अशी ठेवली की जणू तापलेलं भांडं आहे.

म्हणजे आता मी अध्यक्ष. बाबांना सांगण्यासारखं काहीतरी झालं.

रविवार, १० नोव्हेंबर

लिफ्ट सुरू. प्रमाणपत्र दुसऱ्या तपासनीसाने दिलं, स्वतःच्या लिफ्टला मला देता येत नाही. दोष शून्य. दारं आता एवढी हळू मिटतात की आत कप घेऊन उभं राहावं. रोज सकाळी कामावर निघताना फेऱ्यांच्या काउंटरचा आकडा वहीत लिहिते. सगळ्या फेऱ्या माझ्याच आहेत, पण पद्धत असलेली बरी.

बाबा आले नाहीत. धुकं होतं.

पण फोनवर त्यांनी आपणहून विचारलं, वाऱ्याने प्लास्टिक फडफडतं का? खिडक्यांच्या जागी मी जाड प्लास्टिक ताणून बसवलंय. फडफडतं, म्हटलं. ते म्हणाले, तिथे वारा दक्षिणेचा, खालच्या कडेने पाणी झिरपेल, जुन्या कपड्याची गुंडाळी लाव. लावली. झिरपत होतं.

बाबा घरात रस घेऊ लागले आहेत.

गुरुवार, १२ डिसेंबर

आत सहा अंश. कारण सापडलं: थंडी. एकसष्ट वर्षांच्या माणसाला सहा अंशात कोण बोलावतं? खिडक्या हव्यात.

बँकेच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, आमच्या सहा घरांच्या करायच्याच आहेत, तुमच्या चार त्यात घालू, पण फाइलला पोलीस तक्रार लागते, ती कधी कुणी केलीच नाही. केलीच नाही! चार वर्षांत! मी अध्यक्ष आहे. आज गार्दिया सिव्हिलच्या चौकीत जाऊन रीतसर तक्रार दिली. सात घरांच्या अठ्ठावीस खिडक्या, आरोपी अज्ञात इसम. सोबत माझा तांत्रिक अहवाल, अकरा पानं. सार्जंट म्हणाला, बाई, चोरीबद्दल असं काही मी आजवर वाचलेलं नाही.

अहवालातून: “काम अत्यंत स्वच्छ. संबंधित व्यक्तीस या व्यवसायाचा किमान वीस वर्षांचा अनुभव असावा. दिवाणखान्याच्या खिडकीचे माप ११९० मिलिमीटर.”

अठरा फोटो जोडले. चौदावा, पेन्सिलीच्या क्रमांकांचा, जोडला नाही. उजेड बरोबर नव्हता.

बुधवार, १ जानेवारी २०१४

काल मिलाकडे मध्यरात्रीच्या बारा घंटांबरोबर बारा द्राक्षं. बाबांची आठच झाली, घंटा पुढे गेल्या.

या वर्षीचे निश्चय: (१) बाबा ३१ मार्चपर्यंत इथे. (२) बाबांसाठी २ मीटरचा पलंग. (३) तक्रारीचा दर पंधरवड्याला पाठपुरावा. (४) कमी बोलणं. हा चौथा मिलाने सुचवला.

सोमवार, ६ जानेवारी

तीन राजांच्या सणाचा केक मिलाकडे. अहवाल घेऊन गेले होते. बाबांना दाखवावा असं काम बऱ्याच दिवसांत हातून झालं नव्हतं.

त्यांनी चष्मा मागून घेतला आणि अकराही पानं वाचली. बोट ठेवून, ओळीओळीने. मी मध्ये बोलले नाही (निश्चय ४). वाचून झाल्यावर विचारलं, दिलास का हा? मी म्हटलं, बारा डिसेंबरलाच, शिक्क्यासकट. ते म्हणाले, छान लिहिलंयस. मग चष्मा पुसत बसले. काच स्वच्छच होती. नंबर बदलला असावा; डोळे तपासून घेतले पाहिजेत.

केकमध्ये लपवलेला दाणा बाबांच्या तुकड्यात निघाला. ज्याला दाणा, त्याने केकचे पैसे द्यायचे. मिला म्हणाली, बाबा, राहू दे हो, गंमत असते ती. बाबांनी पाकीट काढलंच. म्हणाले, ज्याला लागला त्याने भरायचं, नाहीतर खेळायचं कशाला.

दाणा खिशात घातला.

रविवार, १९ जानेवारी

सव्वाबारा. ओव्हनची वेळ, म्हणून जिन्याने उतरत होते. विसेंताबाईंनी दारातच धरलं. तक्रारीचा उल्लेख असलेलं बँकेचं पत्र त्यांनाही आलं होतं. तक्रार केलीस? मी म्हटलं, अर्थात. त्या एकदम चिडल्या. म्हणाल्या, मला विचारायचंस तरी, लिफ्टवाली! त्याला मी पाणी दिलंय प्यायला!

कुणाला, तर खिडक्या नेणाऱ्याला.

त्यांचं म्हणणं असं. २००९ चा फेब्रुवारी, भर दिवसा, लागोपाठ तीन रविवार. एकच माणूस. आला, नमस्कार केला, पाय पुसले. वरपासून सुरुवात केली. प्रत्येक खिडकी पुठ्ठ्यात गुंडाळून खाली आणली. तळमजल्यावर पोचला तेव्हा विसेंताबाई दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माझ्यापण नेणार का रे? तो म्हणाला, तुम्ही राहता ना इथे बाई. राहत्या घराची खिडकी काढत नाहीत. तिसऱ्या रविवारी जाताना त्याने वरपासून खालपर्यंत जिना झाडला. त्यांचाच झाडू मागून घेतला. परत देताना त्याचा चेहरा असा होता की त्यांना विचारवेना.

मी विचारलं, कसा दिसत होता? त्या म्हणाल्या, तुझ्यासारखा. उभा राहिला की सरळ, बोलला की तोटा झाल्यासारखा.

पाच वर्षांपूर्वीची आठवण. वयोमान. साक्ष म्हणून टिकणार नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

पलंग आला. २ मीटर. जोडला.

पंधरवड्याचा पाठपुरावा केला नाही. काम होतं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी, सायंकाळी ६.४०

घरात खिडक्या आहेत.

क्रमाने लिहिते. दार उघडलं तेव्हा आवाज नव्हता. इतके महिने प्लास्टिकची फडफड ऐकायची सवय. आपण चुकीच्या मजल्यावर आलो असं वाटलं. मग दिसलं. चारही. चौकटी सरळ, पाणपातळीने तपासल्या, बुडबुडा मधोमध. सिलिकॉनची रेघ एका दमात ओढलेली, कुठेही जोड नाही. प्लास्टिक घडी घालून पलंगावर ठेवलेलं. झाडून काढलंय. भिंतीवरचे पेन्सिलीचे क्रमांक खोडरबराने पुसलेत. चौकटींच्या आतल्या बाजूला तेच क्रमांक, आकडा गोलात, अजून आहेत.

ओट्यावर चिठ्ठी: सिलिकॉन चोवीस तास वाळू दे. तोवर उघडू नकोस.

खाली, विसेंताबाईंकडे. त्या म्हणाल्या, तोच होता, केस पांढरे झालेत. मला म्हणाला, नमस्कार बाई, या वेळी आत नेतोय. भावाची व्हॅन होती. चार खिडक्या, चार फेऱ्या, जिन्याने. मी ओरडले त्याला, अरे लिफ्ट आहे, ओव्हन नाही लावलेला! तर म्हणतो, पोरीच्या लिफ्टला ओरखडे पडतील.

त्यांचे गुडघे दुखतात, असं मी म्हटलं. विसेंताबाई म्हणाल्या, कुठले गुडघे?

सगळं झाल्यावर बाबांनी हात धुतले, पुसले, लिफ्टचं बटण दाबलं. रिकाम्या हाताने वर गेले आणि खाली आले. दारात थांबून दोन-तीनदा दार मिटताना बघितलं म्हणे. मग विसेंताबाईंना म्हणाले, आवाजच नाही हो हिला.

सकाळचा काउंटर ६१८. माझी संध्याकाळची वर येण्याची फेरी धरून ६१९ हवा. ६२१ आहे.

मिलाला फोन केला. बाबा तिच्याकडे नाहीत.

बुधवार, १२ फेब्रुवारी, सायंकाळी ६.४०

कामावर गेले नाही. चोवीस तास पूर्ण. दिवाणखान्याची खिडकी उघडली. बोटाने सरकते.

सहा महिने ज्या भोकातून बघत होते तेच बाहेर होतं: गवत, दिव्यांचे खांब, रस्ता संपतो तिथला ढिगारा. काचेतून ते घराच्या समोरचं वाटलं.

बाबा सिलिकॉन वाळेपर्यंत थांबले असणार. आता फोन येईल.

शनिवार, १५ फेब्रुवारी

फोन आला. सार्जंटचा.

चौकीत गेले. बाबा मंगळवारी इथून निघून सरळ तिकडे गेले होते, कामाच्या कपड्यांत, आणि जबाब दिला होता. मी तक्रारदार, म्हणून सार्जंटने मला वाचून दाखवला. आडनाव वाचताना थांबला. माझ्याकडे बघितलं. पुढे वाचलं ते असं:

मीच केलं, एकट्याने, इतर कुणी नव्हतं. जिना दोनचं बिल पूर्ण बुडालं होतं, बाकीच्या जिन्यांचे थोडे तरी आले होते, म्हणून फक्त जिना दोन. एकही खिडकी विकली नाही. मापाने केलेली खिडकी दुसऱ्या भिंतीला बसत नाही, साहेब. विकायला गेलो तर वजनावर घेतील. वजनावर द्यायला मी केल्या नव्हत्या. पैसे आले की परत बसवीन म्हणून नंबर टाकले होते. पैसे आले नाहीत. चोवीस खिडक्या गावी भावाच्या गोठ्यात आहेत, उंदरांपासून उंचावर. चार बसवल्या, तिथे माणूस राहायला आलं म्हणून.

सार्जंट म्हणाला, सही करण्यापूर्वी काही बदलायचं आहे का, असं विचारलं. तर ते म्हणाले, माझ्या जबाबात नाही, पण त्या अहवालात एक माप चुकलंय. दिवाणखान्याची ११९० नाही, ११८५.

आणि त्यांनी अहवालाची एक प्रत मागितली. द्यायची पद्धत नाही, पण दिली, असं सार्जंट म्हणाला. बाबा म्हणाले होते, त्यात माझ्या कामाबद्दल लिहिलंय.

घरी येऊन मोजलं. ११८५.

रविवार, १६ फेब्रुवारी

मिला आली. पहिल्यांदाच. लिफ्टमधून बाहेर पडली ती रडतच. बाबा गावी काकांकडे आहेत. फोन काकाच उचलतात आणि म्हणतात, शेतात गेलाय. फेब्रुवारीत शेतात काय आहे, मी विचारलं. मिला म्हणाली, तू अजून हेच विचारणार का?

मिलाला माहीत होतं. पाच वर्षांपासून. गोठ्यातला पुठ्ठा तिने पाहिला होता. मला का नाही सांगितलंस, म्हटलं. ती म्हणाली, त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, एनारला नको कळायला, ती एकटीच समजते की मी काही चुकत नाही.

मिला म्हणाली, आणि तुला खरंच कळलं नाही? तुला?

मी म्हटलं, पुरावे अपुरे होते.

ती गेल्यावर चौदावा फोटो काढून पाहिला. उजेड बरोबर आहे. मजल्याचा आकडा गोलात. माझ्या शाळेच्या वह्यांवर इयत्तेचा आकडा असाच असायचा. कव्हरं बाबा घालत.

गुरुवार, २० फेब्रुवारी

तक्रार मागे घ्यायला गेले. घेता येत नाही. सार्जंट सौम्यपणे म्हणाला, बाई, हे पार्सल नव्हे, सही करून परत घ्यायला. आता न्यायाधीश ठरवतील. जुनं प्रकरण आहे, वस्तू शाबूत आहेत, फार काही होणार नाही. इमारतीने लिहून दिलं की आमचं काही मागणं नाही, तर बरं पडेल. त्यासाठी सभेचा ठराव लागतो.

सभा बोलवायची कशी, ते मला येतं.

निश्चय: (१) सभा १३ मार्च. (२) नोटीस सर्व मालकांना. (३) बाबांना पण. ते मालक नाहीत, पण विषय त्यांचा आहे. (४) ईस्टरपर्यंत बाबा इथे.

मंगळवार, ४ मार्च

रजिस्टर्ड नोटिशीची पोचपावती आली. काकांनी घेतली असेल असं वाटलं होतं. सही बाबांची आहे.

म्हणजे तारीख त्यांना माहीत आहे. वेळ माहीत आहे. येताहेत.

गावाहून बस पावणेसहाला माद्रिदला, तिथून इकडची सव्वासहाला, थांब्यावर सहा पंचावन्न, चालत चार मिनिटं. पहिल्या पुकाऱ्याला पोचतात. बाबा पहिल्या पुकाऱ्याला येणारे आहेत. वेळेच्या बाबतीत मी त्यांच्यावरच गेले आहे.

गुरुवार, १३ मार्च

इतिवृत्ताच्या वहीत रीतसर लिहिलंय. इथे बाकीचं.

तीन खुर्च्या. चणे शिजवून ठेवले होते. पलंगावर नवी चादर. लिफ्ट तळमजल्यावर, दार उघडं.

७.००. पहिला पुकारा. हजर: मी. सहा पंचावन्नची बस आली, थांबली, गेली. कुणी उतरलं नाही. पुढची सात पंचवीसला असते.

विसेंताबाई दारात उभ्या होत्या. सात वाजून दोन मिनिटांनी चालत आल्या आणि खुर्चीत बसल्या. साडेसात व्हायचेत, मी म्हटलं. म्हणाल्या, गप बस.

७.२५. बस आली. थांबलीच नाही.

७.३०. दुसरा पुकारा. विषय एकच. ठराव: ज्या खिडक्यांचे पैसे दिले गेले नाहीत त्या करणाऱ्याच्याच असतात, इमारतीचं कुणाकडे काही मागणं नाही, आणि जिना दोनच्या चार खिडक्यांबद्दल इमारत आभारी आहे. शेवटचं वाक्य न्यायालयाला लागत नाही. विसेंताबाईंनी हात वर केला. मी केला. एकमताने मंजूर. शिक्का मारला.

प्रश्न व सूचना: विसेंताबाई म्हणाल्या, जेव चल. मी म्हटलं, थोडं थांबू. त्या म्हणाल्या, अगं, दुसऱ्या पुकाऱ्याला जेवढे आले तेवढे पुरतात, तुझाच कायदा. पण उठल्या नाहीत.

आठ वाजता मी तिसरा पुकारा केला. कायद्यात तशी तरतूद नाही.